पुस्तकांना घाम फुटतो तेव्हा

"आदरणीय बाई, फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात मी ११ वर्षे ग्रंथपाल आहे. देवळामागची जुनी चिऱ्यांची खोली, वर मंगळुरी कौले, त्याखाली प्लायवूडचे छत, सुमारे चार हजार पुस्तके. दोन वर्षांपूर्वी एका दात्याने एसी दिला. तेव्हापासून पावसाळ्यात पुस्तकांच्या पाठींवर पांढरी-हिरवट बुरशी धरते, दार उघडले की कुबट वास येतो. संध्याकाळी चार ते सात एसी २० वर लावते आणि बंद केल्यावर वास जावा म्हणून अर्धा तास खिडक्या उघडते. मला सारख्या शिंका येतात, कोरडा खोकला आहे. रविवारी घरी मात्र बरे वाटते. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला दमा आहे, ती शाळेतून थेट माझ्याकडे येते. समिती म्हणते, एका कंपनीकडून हवेची तपासणी करून घेऊ, मग धुरी देऊ. एक ज्येष्ठ सदस्य म्हणतात, गोव्यात पावसात बुरशी यायचीच. शिवाय एका जुन्या घरातून मासिकांच्या बांधीव खंडांच्या तीन पेट्या आल्या आहेत, त्या टाकून द्याव्यात असे ठरते आहे. मी काय करू?"

ताई, पुस्तकांचे नंतर बोलू. उद्यापासून मुलीला त्या खोलीत आणू नका. शेजारी, बहिणीकडे, देवळाच्या सभामंडपात, कुठेही बसू द्या, पण तिथे नको. बुरशीचे बीजाणू दोन ते दहा मायक्रॉनचे असतात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना करा. इतके हलके कण पुस्तक उघडताना उडतात, तासन्तास हवेत तरंगतात आणि त्यातले बारीक थेट फुप्फुसात उतरतात. दमा असलेल्या मुलाला त्याने अटॅक येऊ शकतो. इथे "बघू, काय होते ते" हा मार्गच नाही.

तुमच्या स्वतःच्या बाबतीत तुम्ही सगळ्यात महत्त्वाची खूण पत्रात लिहिली आहे, पण अगदी जाता जाता लिहिली आहे: रविवारी बरे वाटते. कामाच्या जागेपासून दूर गेल्यावर त्रास कमी होणे आणि परतल्यावर वाढणे, हे डॉक्टरला सांगायचे पहिले वाक्य आहे. नुसते "सर्दी-खोकला आहे" म्हणालात तर सर्दीचे औषध मिळेल. "मी बुरशी लागलेल्या पुस्तकांत काम करते आणि सुट्टीत मला बरे वाटते" असे सांगा. छातीच्या डॉक्टरांना दाखवा. जवळ कोणी नसेल तर बांबोळीला, गोवा वैद्यकीय महाविद्यालयात जा. पुस्तके हाताळल्यावर चार-सहा तासांनी ताप, थंडी, दम लागणे असे कधी झाले, तर अजिबात थांबू नका. ती साधी ॲलर्जी नसून फुप्फुसाला सूज येण्याचा प्रकार असू शकतो आणि तो पुन्हा पुन्हा होत राहिला तर कायमचे नुकसान करतो. ग्रंथपालांनी "धुळीचा त्रास आहे हो" म्हणत वर्षे काढलेली मी पाहिली आहेत. तुम्ही तसे करू नका.

आता एसीकडे येऊ, कारण तुमच्या खोलीतली खरी गोष्ट तिथे आहे.

जुलैत आपल्याकडे बाहेरची हवा कशी असते? समजा तापमान २८ अंश आणि आर्द्रता ८८ टक्के. अशा हवेत जी वस्तू साधारण २६ अंशांपेक्षा थंड असेल, तिच्यावर दव धरते. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला घाम फुटतो तो यामुळेच. तुम्ही तीन तास एसी २० वर लावता. भिंती, लोखंडी कपाटे, पुस्तकांचे पुठ्ठे सगळे गार होते. मग सात वाजता एसी बंद करून तुम्ही खिडक्या उघडता आणि बाहेरची ती ओली हवा त्या गार पुस्तकांवर येते. प्रत्येक पुस्तक त्या बाटलीसारखे होते. बाटलीवरचे थेंब आपल्याला दिसतात. पुस्तकावर ते दिसत नाहीत, कारण कागद, कापड आणि बांधणीतली खळ ते पिऊन टाकतात. मग तुम्ही कुलूप लावता. आतली ओल रात्रभर तशीच कोंडून राहते आणि दुसऱ्या दिवशी चारला पुन्हा तेच सुरू होते.

बुरशीला हेच हवे असते. तिचे बीजाणू कुठे नसतात? अस्परजिलस, पेनिसिलियम, क्लॅडोस्पोरियम ही नावे तुम्हाला कोणत्याही तपासणी अहवालात दिसतील, कारण त्यांचे बीजाणू बाहेरच्या हवेत, मातीत, पानांवर सगळीकडे असतात. ते तुमच्या पुस्तकांवर एसी येण्याआधीही बसलेले होतेच. नुसते बसून ते काही करत नाहीत. त्यांच्याभोवतीची आर्द्रता ७०-७५ टक्क्यांच्या वर सलग काही दिवस राहिली की ते रुजतात. ६५ च्या खाली ठेवली तर त्यांना वाढता येत नाही. खळ, सरस, कापड आणि कागद हे त्यांचे अन्न, आणि ते तर आपण फळ्यांवर रचूनच ठेवलेले आहे. पुस्तकांची पाठ आधी बुरशी धरते, कारण खळ आणि सरस तिथेच जास्त असतो.

म्हणून त्या ज्येष्ठ सदस्यांना आदराने एक प्रश्न विचारा: "काका, एसी येण्याआधी एवढी बुरशी होती का?" माझा अंदाज आहे की ते जरा आठवून "नव्हती" म्हणतील. पूर्वी ती खोली दमट होती, पण बाहेरच्याइतकीच उबदार होती आणि समोरासमोरच्या खिडक्यांतून वारा खेळत होता. चिऱ्यांची घरे बांधणाऱ्यांना हे ठाऊक होते. दात्याचा हेतू चांगलाच होता आणि यात तुमची चूक नाही. अर्धवेळ एसी काय करतो हे कोणी तुम्हाला सांगितलेच नाही.

घरातल्या कोणाला समजावायचे असेल तर पुरुमेताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, आठवण द्या. मे महिन्यात आपण मिरच्या, सोलां, चिंच कडकडीत वाळवून भरणीत भरतो. मग आषाढात ती भरणी कोणी वारा लागावा म्हणून उघडी ठेवत नाही. पापडाचा डबा पावसात उघडा राहिला तर पापड सादळतो. कागदही तसाच सादळतो, फक्त तो वाकवून पाहायची आपल्याला सवय नसते. पावसाळ्यात खिडकी उघडली की आपण ओल आत घेतो. डिसेंबर ते फेब्रुवारीत, दुपारच्या कोरड्या हवेत, त्याच खिडक्या सताड उघड्या ठेवा.

पहिली खरेदी आर्द्रतामापकाची करा. काही शे रुपयांत मिळतो. दोन घ्या: एक टेबलाजवळ आणि एक सगळ्यात कोपऱ्यातल्या कपाटाच्या आत, पुस्तकांच्या मागे. खोलीत ६८ असताना त्या कपाटात ८२ असू शकते, आणि बुरशी ८२ कडे पाहते. स्वस्त यंत्र चुकीचे दाखवू शकते, तर त्याची परीक्षा घरीच घ्या. बाटलीच्या बुचात चमचाभर मीठ घ्या, ओल्या वाळूसारखे होईल इतकेच थेंब पाणी घाला, आणि ते बूच व मापक एका हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा. आत बरोबर ७५ टक्के आर्द्रता तयार होते. मापक ७० दाखवत असेल तर तो पाच कमी दाखवतो, तेवढे मिळवून वाचा.

दुसरी गोष्ट डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल ओढून घेणारे यंत्र. तपासणीसाठी समितीने जे पैसे बाजूला काढले आहेत ते इथे लावा. दिवसाला वीस-पंचवीस लिटर पाणी खेचणारे, कॉम्प्रेसरचे यंत्र घ्या. आपल्या उष्ण हवेत ते चांगले चालते. टाकी भरली की ही यंत्रे थांबतात, म्हणून नळी लावून पाणी थेट बाहेर सोडा. आणि वीज गेल्यावर परत आली की आपोआप सुरू होणारेच घ्या, कारण पावसाळ्यात आपल्याकडे वीज किती वेळा जाते हे मी तुम्हाला सांगायला नको. ते ५५-६० वर लावून जून ते ऑक्टोबर रात्रंदिवस चालू ठेवा. बिल येईल, पण ते दरवर्षीच्या धुरीपेक्षा उपयोगाचे आहे. वाचकांसाठी एसी लावायचाच असेल तर २६-२७ वर, ड्राय मोडवर लावा. बंद केल्यावर खिडक्या मात्र बंद राहू द्या.

पण थांबा, यंत्र आणण्याआधी छत तपासा. कौलांच्या खोलीत फटींतून ओली हवा सतत येत असेल तर यंत्र फोंड्याचे अख्खे आभाळ वाळवत बसेल. प्लायवूडच्या छताच्या फटी बंद करा. आणि त्या छताच्या वर काय चालले आहे ते कोणी कधी पाहिले आहे का? एक फळी काढून टॉर्च घेऊन कोणाला तरी वर चढवा, मुसळधार पावसातच. फुटके कौल, सरकलेले कौल, वाशावरून ओघळणारे पाणी, प्लायवूडवर पडलेले पिवळे डाग. छप्पर गळते तेव्हा वरचे प्लायवूड ते पाणी झेलते आणि खाली तुम्हाला महिनोन्महिने काही कळत नाही.

मी नोकरीत असताना हेच अनुभवले आहे. आमच्या एका वाचनालयात दोन वर्षे लागोपाठ थायमॉलची धुरी दिली. थायमॉल म्हणजे ओव्याच्या तेलात असते तेच द्रव्य. कपाट उघडले की ओव्याचा वास यायचा आणि आम्हाला वाटायचे, आता खोली शुद्ध झाली. तिसऱ्या आषाढात त्याच कपाटावर, त्याच फळीवर पुन्हा हिरवे ठिपके. शेवटी एका सुताराने भिंतीच्या मागे जाऊन पाहिले, तर पन्हळीचा सांधा सुटून पाणी नेमके त्या कपाटामागच्या भिंतीवर पडत होते. चिरा सच्छिद्र दगड आहे, पाणी पितो आणि हळूहळू आत सोडतो. सांधा जोडला, भिंत उन्हाळाभर वाळू दिली, कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढले. त्यानंतर त्या फळीवर बुरशी आली नाही. त्या दोन वर्षांत धुरीत घालवलेल्या पैशांचे मला आजही वाईट वाटते, आणि बंद खोलीत ती वाफ हुंगणाऱ्या आमच्या शिपायाचे त्याहून जास्त.

म्हणून धुरीला स्पष्ट नाही म्हणा. धुरी दिल्याने जिवंत बुरशी मरेल, पण खोली ओलीच असेल तर नवे बीजाणू दुसऱ्या दिवशी दारातून आत येतात, आणि धुरीचा असर मागे उरत नाही. आणखी एक गोष्ट समितीला नक्की सांगा: मेलेल्या बीजाणूंनीही ॲलर्जी होते. तुमच्या शिंका धुरीने थांबणार नाहीत. कोणी फॉर्मलिन, म्हणजे पाण्यात विरघळवलेले फॉर्माल्डिहाइड, सुचवले तर ऐकूनही घेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्माल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. डांबर गोळ्यांनी कसर दूर राहील, बुरशी नाही, आणि त्यांची वाफ मुलांच्या वाचनालयात नको. कडुनिंबाच्या पाल्याचेही तसेच, ओल असेल तर पालाच आधी बुरशी धरतो.

हवेच्या तपासणीबद्दल. ताई, तुम्हाला बुरशी डोळ्यांनी दिसते आहे, नाकाला कळते आहे, छातीला जाणवते आहे. बशीत बुरशी वाढवणारे माध्यम ठेवून ती हवेत उघडून किती ठिपके उगवले हे मोजून आणखी काय कळणार? हवेतले बीजाणू तासातासाला बदलतात. कोणी पुस्तक आपटले तर एक आकडा, कोणी नसेल तर दुसरा. पावसाळ्यात बाहेरच्या हवेतच ते भरपूर असतात, त्यामुळे बाहेरचा आकडा त्याच वेळी घेतला नसेल तर आतल्या आकड्याला अर्थ नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली ओल आणि बुरशीवर मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यात अमुक इतके बीजाणू सुरक्षित अशी मर्यादा दिलेलीच नाही; ओल रोखा आणि बुरशी काढा, एवढेच सांगितले आहे. तपासणीला स्थान आहे, पण ते वेगळ्या ठिकाणी: काही दिसत नाही, वास मात्र येतो, लोक आजारी पडतात आणि कारण सापडत नाही, अशा इमारतीत. तुमच्याकडे कारण समोर आहे.

भिंती पाहताना एक फरक लक्षात ठेवा. चिऱ्याच्या भिंतीवर जोत्याजवळ पांढरी भुकटी फुटते, ती बहुधा क्षारांची असते. पाण्याचा थेंब टाका: क्षार विरघळतो, बुरशी विरघळत नाही. क्षार असला तरी तो ओलीचीच चुगली करतो. त्या भिंतीला प्लास्टिक पेंट मारू नका, आतली ओल कोंडून रंगाचे पापुद्रे सुटतील. चुना मारा. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो आणि त्यावर बुरशी सहज धरत नाही. बाहेरच्या भिंतीला टेकलेली कपाटे वीतभर पुढे घ्या आणि सगळ्यात खालची फळी रिकामी ठेवा.

आता साफसफाई. श्रावणात ती पूर्ण करायला जाऊ नका. ओली बुरशी पुसली तर ती कापडात रगडली जाते आणि डाग कायमचा बसतो. आधी फक्त वेगळे करा. बुरशी लागलेली पुस्तके पुठ्ठ्याच्या खोक्यांत घालून एका कोपऱ्यात ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलीत तर आत ओल कोंडून बुरशी आणखी फोफावेल. खोलीची आर्द्रता ६० टक्क्यांपर्यंत उतरली की दोन-तीन आठवड्यांत ती बुरशी सुकून भुकटीसारखी होते. पंखा थेट पुस्तकांवर सोडू नका, भिंतीकडे वळवा. मग चवथ झाल्यावर, पाऊस ओसरून कोरडे दिवस आले की, खोकी बाहेर पडवीत आणा, वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, आणि मऊ ब्रशने पुस्तक बंद ठेवून पाठीकडून कडेकडे झाडा. ऊन नको, पुठ्ठे वाकतात आणि कागद पिवळा पडतो. सावली आणि वारा पुरे. खोलीत केरसुणी, फडके, साधा व्हॅक्यूम यांतले काही वापरू नका. साधा व्हॅक्यूम बीजाणू एका बाजूने ओढतो आणि दुसऱ्या बाजूने खोलीभर उडवतो. हेपा फिल्टरचा, म्हणजे अगदी बारीक कणही अडवणारा, मिळाला तरच वापरा. रिकाम्या फळ्या ७० टक्के अल्कोहोलने पुसा, खिडक्या उघड्या आणि आगीची काळजी घेऊन. एसीची जाळी आणि पाण्याची नळीही धुऊन घ्या, तिथे बुरशी हमखास असते.

हे काम करणाऱ्याने एन-९५ मास्क, हातमोजे आणि चष्मा लावायचा. रुमाल किंवा निळा सर्जिकल मास्क चालणार नाही. आणि ताई, हे काम तुम्ही करायचे नाही. डॉक्टरांनी तपासून हो म्हणेपर्यंत तरी नाही. दमा, मधुमेह असलेले, केमोथेरपी घेणारे, वयस्कर सदस्य यांनीही नाही. गावात तरुण मंडळ असेलच, नाटकाचा पडदा बांधायला येणारी मुले एका दिवसात चार हजार पुस्तके झाडतील. त्यांना मास्क घेऊन द्या, पेजेचा नाश्ता द्या.

राहिल्या तीन पेट्या. त्या टाकू देऊ नका, पण वाचनालयात आणूही नका. देवस्थानच्या एखाद्या कोरड्या खोलीत वेगळ्या ठेवा आणि दिवाळीनंतर एकेक खंड काढून पाहा. वाचनालयातल्या लोकप्रिय कादंबऱ्यांचे मला फार वाटत नाही. खूप खराब झालेली प्रत खुशाल काढून टाका, दुसरी मिळेल. पण १९१० साली पोर्तुगालमध्ये राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आल्यानंतर गोव्यात मराठी नियतकालिकांना जो बहर आला, त्यातले कितीतरी अंक आज अशाच कोणाच्या तरी माळ्यावर, अशाच पेट्यांत पडून आहेत. तुमच्या पेट्यांत काय आहे ते कोणी पाहिलेच नाही अजून. देवस्थानच्या उत्सवाच्या स्मरणिका, नाट्यमंडळाच्या हस्तलिखित संहिता, शाळेचे हस्तलिखित वार्षिक असे काही सापडले, तर ती जगातली एकच प्रत असू शकते. तशी प्रत सापडली की तिचे डाग घालवायला जाऊ नका, पाने सोडवायला तर मुळीच नको. तशीच मऊ कागदात गुंडाळून पणजीला, पाटोवरच्या कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात दाखवा. १८३२ पासूनची परंपरा असलेली ती संस्था आहे, जुन्या कागदांशी तिचा संबंध रोजचा आहे. तेवढे होईपर्यंत मोबाइलवर चांगल्या उजेडात सहज उघडणाऱ्या प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा, बाहेर पडवीत, मास्क लावून. हे कामही तरुण मुलांकडेच द्या.

समितीच्या बैठकीत जाताना भाषण तयार करू नका. एक वही घ्या, रोज चार वाजता, सात वाजता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडताच दोन्ही मापकांचे आकडे लिहा. दहा दिवस एसी आजच्यासारखाच लावा, आणि पुढचे दहा दिवस अजिबात लावू नका, खिडक्या बंद ठेवून. हे आकडे नोंदवायला मुलीशिवाय, मास्क लावून, पाच मिनिटांत जाऊन या. माझा कयास असा आहे की पहिल्या दहा दिवसांत सकाळचा कपाटातला आकडा संध्याकाळपेक्षा बराच वर गेलेला दिसेल. ती वही टेबलावर ठेवा आणि सदस्यांना वाचू द्या.

ते आकडे मलाही कळवा. चवथीची गडबड संपली की लिहिलेत तरी चालेल, पण डॉक्टर काय म्हणाले ते त्याआधी कळवा.